नवव्या वडीची पूजा

मित्रांनो, मी एक जुना, एका कोपऱ्याला कापलेला पॉलिशचा पॅड आहे. पॅड म्हटल्यावर लगेच परीक्षेला नेतात ते पॅड डोळ्यांसमोर आणू नका, तो मी नव्हे. तुमची आई खोबऱ्याच्या वड्या कापून ताटलीत मांडते ना, तेवढाच माझा आकार. आत मऊ फोम आणि दोन्ही अंगांना कापड. त्या कापडावर इतके बारीक कण, की तुम्ही बोट फिरवलंत तर म्हणाल, हे काय घासणार, कपाळ! पण पेनाला आरशासारखी चकाकी आणणारा मीच, बरं का.

आम्ही नऊ भावंडं. थोरला सगळ्यांत खरखरीत, त्याच्यापेक्षा दुसरा मऊ, दुसऱ्यापेक्षा तिसरा मऊ, आणि मी शेंडेफळ. लेथ मशीनवर पेन कातून झालं की त्याच्या अंगावर हत्याराचे चरे उरतात. ते थोरल्यानं घासायचे. थोरल्याचे बारीक चरे दुसऱ्यानं घासायचे. असं करत करत पेन माझ्याकडे यायचं, आणि मी शेवटचा हात फिरवला की झालं. माझ्यानंतर कुणी नाही. त्यामुळे कौतुक सगळं माझ्या वाट्याला यायचं आणि मी थोडा शेफारलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

भिवंडीजवळच्या वळ गावात केसरीनाथकाकांच्या घरामागं एक पत्र्याची शेड होती. काका तरुणपणी मुंबईला पेनांच्या कारखान्यात कामाला होते. तो बंद पडला तेव्हा त्यांनी तिथली एक जुनी लेथ घरी आणली आणि काळ्या कडक रबराच्या दांड्यांपासून स्वतःच पेनं करायला लागले. शाईची, जाडजूड, हातात धरली की वजन कळणारी. मी तिथं आलो ते दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. तेव्हा वळच्या भातशेतांत एकामागून एक गोदामं उभी राहत होती. काकांच्या डाव्या-उजव्या दोन्ही भावकींच्या जमिनींवर शटरं लागली होती, रस्ताभर कंटेनर उभे असायचे, आणि मधे आमची शेड आपली अंग चोरून उभी होती.

आम्हाला आणलं काकांच्या मुलानं, प्रितेशदादानं. आमच्यासारखे पॅड परदेशातून यायचे, सहज मिळायचे नाहीत. दादानं मुंबईत हिंडून आमचं खोकं मिळवलं आणि काकांच्या हातात ठेवताना म्हणाला, "बाबा, हा शेवटचा सेट. हा संपला की शेड मोडायची आणि गोदाम बांधायचं. कबूल?"

काकांनी खोकं उघडलं, आम्हाला एकेक करून गालाला लावून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून ते डोळ्यांपेक्षा गालावर जास्त भरवसा ठेवायचे. "कबूल," ते म्हणाले. "या वड्या संपल्या का चावी तुझ्या हातात. माजा शब्द हाय. पन संपल्या पायजेत हां."

"मग, पावसाळ्यापर्यंत संपतील ना?"

"ते द्रौपदीला इचार," काका हसून म्हणाले. तेव्हापासून आमचं नाव पडलं वड्या. पहिली वडी, दुसरी वडी, आणि मी नववी वडी.

आता द्रौपदीताईबद्दल सांगतो. सांगताना माझा गळा भरून येतो. गळा नाही मला, पण समजून घ्या. ती टेमघरहून यायची. पूर्वी एका लूममध्ये, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायची. तिथल्या आवाजानं कानांत सतत घुंईघुंई व्हायला लागली, म्हणून ते सोडून ती काकांकडे पॉलिशला आली. घरी तिची मुलगी धम्मदिना दहावीला होती. आम्ही संपलो की शेड संपणार आणि शेड संपली की आपलं काम संपणार, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तिनं आम्हाला जपलं ते नुसतं त्या धास्तीनं नव्हे. तिचा हातच तसा होता.

ती आम्हाला कोरडं कधी वापरायची नाही. प्रत्येकाची पाण्याची वाटी वेगळी. थोरल्याच्या अंगाचे जाडे कण माझ्या वाटीत आले तर माझा सत्यानाश व्हायचा, म्हणून ही व्यवस्था. एका वडीचं काम झालं की पेन स्वच्छ पुसायचं, मगच दुसरी हातात घ्यायची. लेथ सावकाश फिरवायची, कारण वेगानं तापलं की आमच्या आतला फोम करपतो. आणि दाब? छे! "दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं," असं ती स्वतःशीच म्हणायची. भिवंडीत हात पुसायला, मशीन पुसायला सगळीकडे लूमच्या सुताचा गुंता वापरतात. आमच्या शेडमध्येही त्याचं पोतं होतं. त्यात लोखंडाचा कीस अडकलेला असतो, म्हणून तिनं आम्हाला त्याचा वारासुद्धा लागू दिला नाही. संध्याकाळी पाण्यात खळखळून, दोन तळव्यांत दाबून (पिळून नव्हे हं!) ती आम्हाला सावलीत फळीवर मांडायची. सुकलो की स्टीलच्या डब्यात, प्रत्येकाला वेगळ्या कापडी पिशवीत. अहो, तुमची आईसुद्धा तुमचा एवढा लाड करत नसेल.

पावसाळा आला आणि गेला. आम्ही ठणठणीत. प्रितेशदादा शेडच्या दाराशी येऊन डोकवायचा. "ताई, तुम्ही या वड्यांना जपता का मला छळता?" तो म्हणायचा. चेष्टा असायची, पण अर्धीच.

"दादा, मी काम करते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा," द्रौपदीताई मान वर न करता म्हणायची.

दादा वाईट नव्हता, मित्रांनो. बापाचे डोळे जातायत, लेथवर कधीतरी बोट जाईल, ही त्याला खरीच काळजी होती. शिवाय बरोबरीच्या सगळ्या पोरांची गोदामं झाली होती. आईला तो सांगायचा, "गोदाम झालं तर वर दोन खोल्या काढून इथंच राहीन. नाहीतर मी आपला ठाण्याला फ्लॅट बघतो." ते ऐकून पुतळाबाईकाकी देवापुढं जाऊन हात जोडायची. एकुलता एक मुलगा. नवऱ्याला शेड हवी, मुलाला गोदाम हवं, आणि काकीला फक्त मुलगा घरात हवा. ती रोज सकाळी अंगण झाडून उंबऱ्यापाशी रांगोळी काढायची आणि शेडमध्ये चहा आणून द्यायची.

आणि मग खंडेनवमी आली.

दसऱ्याला द्रौपदीताईकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन असायचा. आदल्या दिवशी टेमघरच्या विहारात झाडलोट, सजावट, जेवणाची तयारी. म्हणून ती दुपारीच निघाली. आम्ही फळीवर ओलेच होतो. ओलं डब्यात बंद केलं तर कुबट वास लागतो, म्हणून जाताना तिनं काकांना सांगितलं, "सुकल्या की डब्यात ठेवा हां काका, विसरू नका." काकांनी मान हलवली आणि झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले.

काकी पूजेची तयारी करायला आली. जमीन पुसली, पाट मांडला, भोवती मोठं कमळ काढलं रांगोळीचं. काय सुरेख हात तिचा! पाटावर पटाशा, कानशी, हातोडी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, लेथला हार घातला. मग तिची नजर फळीकडे गेली.

"आगो बाय! तुमी याच रायल्या का?" ती कळवळून म्हणाली. "वरीसभर राबता बिचाऱ्या, नि तुमालाच पाट न्हाय?"

पाटावर जागा उरली नव्हती. तिनं आम्हाला उचललं आणि कमळाच्या पाकळ्यांवर एकेक ठेवून दिलं. मला ठेवलं समोरच्या मोठ्या पाकळीवर. हळदकुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं होतं, पण डाग पडेल म्हणून तिनं हात आवरला, नुसतं फूल वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. इतकी पेनं चमकवली, लोकांनी पेनाची वाहवा केली, काकांची केली; मला कुणी हात जोडले नव्हते.

भावंडं एव्हाना सुकली होती, पण सगळ्यांत शेवटी धुतलेला मी अजून ओला होतो, आणि माझ्या ओल्या अंगाखाली रांगोळी होती. रांगोळी म्हणजे काय, मित्रांनो? दगडाचा चुरा. तुमच्या बोटांना ती मऊ लागते, पण माझ्या कणांपुढं तिचा एकेक कण म्हणजे धोंडा. ओलाव्याला ती चिकटली, कडेच्या फोममध्ये शिरली, वाळता वाळता घट्ट बसली. मी पांढरा, रांगोळीही पांढरी. संध्याकाळी काकांनी आम्हाला उचललं, जरा झटकलं, आणि आठवणीनं डब्यात ठेवलं. त्यांच्या डोळ्यांना काय दिसणार? मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

दसरा झाला, द्रौपदीताई कामावर आली. गावच्या शाळेतले पंढरी गुरुजी निवृत्त होणार होते, त्यांना द्यायचं पेन लेथवर होतं. आठही भावंडांनी आपापलं काम चोख केलं. मग तिनं मला भिजवलं, पेनाला टेकवलं, आणि मला पहिल्याच फेऱ्याला कळलं. माझ्या अंगातला एक दगड त्या काळ्याभोर पेनावर ओरखडा ओढत निघाला होता. थांब, थांब गं बाई! पण ती कशी थांबणार? तिचा माझ्यावर विश्वास होता.

आमच्या शेडमध्ये पेन तपासायची एक रीत होती. ते छताच्या ट्यूबलाइटखाली धरायचं. पेनावर ट्यूबची रेघ अखंड, सरळ दिसली तर पेन झालं. द्रौपदीताईनं पेन वर धरलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काका, ट्यूब तुटली."

"आँ? परत घे."

तिनं पाचव्या वडीपासून परत घेतलं. पुन्हा माझ्यापाशी येऊन तेच. मला उलटं केलं. तेच. वाटीत बुडवून धुतलं, पण अडकलेले कण काही सुटले नाहीत. पुन्हा पाचवीपासून सुरुवात. माझ्यापायी माझी भावंडं फुकट झिजत होती आणि ज्या पेनाला चमकवायचं त्याला मीच ओरबाडत होतो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. दोन दिवस हाच प्रकार. काकांनी लेथ बघितली, पाणी बदललं, दुसरा दांडा लावून बघितला. शेवटी द्रौपदीताईनं मला मांडीवर ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"नववी गेली, काका. मी जपली हो, पण गेली."

काकांनी लेथ बंद केली. मग म्हणाले, "नववीबगर पेन न्हाय. म्हंजे सेट संपला. मी शब्द दिलाय."

"काका, थोडं थांबून बघू या ना."

"शब्द दिलाय गो मी पोराला." त्यांनी प्रितेशदादाला हाक मारली.

दादा आला. त्याला कळलं, पण त्याचा चेहरा खुलला नाही. बापाचा हात कमरेच्या चावीकडे जाताना बघून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "घाई नाय बाबा. ठेकेदाराला सोमवारी बोलावतो."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. सगळ्यांचे चेहरे बघून तिनं किटली खाली ठेवली. "काय झाला?"

"नववी बिघडली," द्रौपदीताई म्हणाली. तिनं द्रौपदीताईच्या मांडीवरून मला उचललं आणि दारातल्या उन्हात धरलं. "ही बिघडली? अशी कशी बिघडंल? नवमीला तर मी..." आणि ती थांबली.

उन्हात माझ्या कोपऱ्यात एक कण चमकला होता. काकीनं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. जी रांगोळी ती रोज सकाळी चिमटीत धरायची, ती तिच्या बोटांना सांगायला लागत नव्हती. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं मला मुठीत घट्ट धरलं आणि मूठ पदराखाली नेली.

मित्रांनो, त्या मुठीत मी होतो, म्हणून मला ठाऊक आहे. ती मूठ आणखी आवळत गेली. गप्प राहणं किती सोपं होतं! कुणाला काही कळलं नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. सोमवारी ठेकेदार येणार, गोदाम होणार, वर दोन खोल्या निघणार आणि मुलगा डोळ्यांसमोर राहणार. तिनं देवापुढं हेच तर मागितलं होतं. काका चावी करगोट्यातून सोडवत होते. गाठ घट्ट होती, त्यांना दिसत नव्हती, आणि दादाला पुढं होऊन मदत करवत नव्हती.

"ऱ्हावा," काकी म्हणाली. मूठ उघडून मला पुढं धरलं आणि परत म्हणाली, "ऱ्हावा जरा. ती संपली न्हाय. तिच्यात माजी रांगोली गेलीय. नवमीला मीच तिला रांगोलीवर ठेवली."

काकांचा हात गाठीवरच थांबला. मग दादा हलकेच म्हणाला, "आये, तू बोलली नसतीस तर कुणाला कळला नसता."

"मना कळला असता ना," काकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उद्या सकाली उंबऱ्यात तीच रांगोली काढायची हाय मना. रोज काढायची हाय. कुठला हात घेऊन काढू?"

दादानं मान खाली घातली आणि किटलीतला चहा ओतायला घेतला. पहिला कप त्यानं आईला दिला.

द्रौपदीताई तोपर्यंत मला घेऊन मोरीत पोचलीसुद्धा होती. वाटीतल्या थांबलेल्या पाण्यानं जे झालं नाही ते नळाच्या धारेखाली होऊ लागलं. मऊ ब्रश, साबणाचा किंचित फेस, माझ्या कडा उघडून उघडून ती धूत होती आणि काकी शेजारी उकिडवी बसून "इथं बघ, हितं हाय अजून," असं बोटानं दाखवत होती. एका कोपऱ्यातला कण मात्र काही केल्या निघेना. द्रौपदीताईनं कात्री घेतली. "क्षमा कर बाबा," ती मला म्हणाली आणि तो कोपरा कापून टाकला. दुखलं नाही मला. उलट जीव भांड्यात पडला.

मी सुकल्यावर गुरुजींचं पेन पुन्हा लेथवर चढलं. माझी फेरी झाल्यावर द्रौपदीताईनं ते वर धरलं आणि काकांच्या हातात दिलं. काकांनी ते गालावर फिरवलं. पेनावर ट्यूबची रेघ अखंड होती.

त्यानंतरही मी काम केलं. पुढचा पावसाळा काढला, त्याच्या पुढचा उन्हाळाही काढला. धम्मदिना दहावी पास होऊन कॉलेजात जायला लागली, तिच्या हातातलं पेन मीच चमकवलेलं होतं. पण कुणीच कायमचं टिकत नाही, मीही नाही. एके दिवशी पेनावर ट्यूबची रेघ आली, पण धुकट. चरे नव्हते, नुसतं तेज नव्हतं. द्रौपदीताईनं मला धारेखाली धुतलं, उन्हात धरून काकीला दाखवलं. रांगोळी नव्हती, काहीच नव्हतं. काकांनी मला अंगठ्याच्या नखावर घासून पाहिलं आणि म्हणाले, "आता झिजली. बिघडली न्हाय, झिजली." त्यांनी स्वतःच्या हातानं चावी सोडवली. या वेळी गाठ लगेच सुटली.

शेड एका दिवसात मोडली. लेथ भंगारवाल्यानं नेली, ती टेम्पोत चढताना काका घरात जाऊन बसले. द्रौपदीताई आता कशेळीच्या एका गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवते. आणि प्रितेशदादा? गोदाम झालं, वरच्या दोन खोल्याही झाल्या, पण पुढं मुलांच्या शाळेसाठी तो ठाण्याला गेलाच. रविवारी येतो. काकीनं एका शब्दानंही त्याला अडवलं नाही. तिनं फक्त द्रौपदीताईकडून मला मागून घेतलं होतं, आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळात, त्याच कापडी पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याजवळच्या वस्तू झिजतील. झिजू द्या, त्यासाठीच त्या आहेत. पण निष्काळजीपणानं त्यांना नासवू नका, आणि नुसत्या मायेनंही नासवू नका. कुणाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, एवढं आधी विचारून घ्या. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून ते तुम्हालाच बघावं लागेल.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. घरात पूजेला हत्यार उरलं नव्हतं. काका ओसरीवर बसून, दिसत नसतानाही, गोदामाच्या शटरकडे तोंड करून होते. काकीनं उंबऱ्यातली रांगोळी आटपली, हात दोनदा धुतले, पदराला पुसले आणि मला पिशवीतून काढलं. पाट मांडला नाही, फूल आणलं नाही. एका वाटीत स्वच्छ पाणी घेतलं, मला त्यात खळखळलं, दोन तळव्यांत अलगद दाबलं आणि ओसरीच्या सावलीत, काकांच्या हाताशी ठेवलं.

काकांनी चाचपून मला ओळखलं. कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि उचलून गालाला लावलं.

"नि पूजा?" त्यांनी विचारलं.

"झाली," काकी म्हणाली.